सप्रेम भेट

आमच्या शाळेत जवळजवळ प्रत्येक वस्तूला एक साल आहे. व्हरांड्यातल्या घड्याळाखाली तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलंय, ‘इ. १० वी, सन १९९८-९९ यांजकडून सप्रेम भेट’. पाण्याच्या टाकीवर २००६-०७ आहे. स्टेजवरचा डायस, सरस्वतीची तसबीर, पितळी समई, ग्रंथालयातलं लोखंडी रॅक, सगळं कुठल्या ना कुठल्या दहावीनं जाताना शाळेला दिलेलं. अक्षरं मात्र दर वर्षीची वेगळी. काही पेंटरकडून सावली देऊन काढून घेतलेली, काही वर्गातल्याच एखाद्या सुंदर अक्षराच्या मुलानं ब्रश धरून लिहिलेली. एका ठिकाणी शेवटच्या ‘ट’ला जागाच उरलेली नाही, तो खालच्या ओळीत एकटा उतरलाय. मुलांची नावं कुठेच नसतात. सहा वर्षं रोज ज्यांची हजेरी घेतली, त्या सगळ्यांचं मिळून एक साल होतं आणि ते भिंतीवर राहतं.

ही शाळा पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगरांलगत आहे. मी इथे मराठी शिकवते. ऑफ तास असला की व्हरांड्यात फिरताना ही सालं वाचायची मला सवय लागली आहे.

सगळ्यात जुनी वस्तू शिक्षकांच्या खोलीत आहे. एक लाकडी कपाट. त्याच्या दारावर ‘इ. ११ वी व इ. १० वी, मार्च १९७५’ अशी दोन वर्गांची नावं एकत्र आहेत. निवृत्त झालेल्या एका सरांनी मला त्याची गोष्ट सांगितली. तोवर आपल्याकडे एसएससी अकरावीला व्हायची. मग दहा अधिक दोनची पद्धत आली आणि १९७५च्या मार्चमध्ये जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच शाळेबाहेर पडली. काही घरांतून थोरला भाऊ आणि धाकटी बहीण बरोबरच परीक्षेला बसली. दोन वस्तू घेण्याइतकी वर्गणी जमली नाही, म्हणून दोन्ही वर्गांनी मिळून एक कपाट केलं. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा अगदी अलीकडचा होता. त्यातल्या कितीतरी मुलांनी आईवडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. त्या हातांनी शाळा सोडताना शाळेला कपाट दिलं. आजही आम्ही तपासायचे पेपर त्यातच ठेवतो.

जानेवारी उजाडला की दहावीत तो विषय निघतोच, आपण काय द्यायचं? सराव परीक्षा संपत आलेली असते, हॉल तिकिटांवरची नावं आणि आईचं नाव बरोबर आहे ना हे तपासणं चालू असतं आणि मध्येच कुणीतरी उभं राहतं. यंदाच्या वर्गाची वर्गशिक्षिका मीच. त्यांना म्हटलं, आज तास तुमचा, ठरवा.

आधी नेहमीच्या वस्तू निघाल्या. पंखे, घड्याळ, माइक. मग सायकलवर येणारा वस्तीवरचा एक मुलगा म्हणाला, “सायकलींना शेड करू. दिवसभर उन्हात असत्यात, ट्यूब फुटती.” कुणी म्हणालं, लायब्ररीत गोष्टींची पुस्तकं. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ हात वर करून बसली होती. ती म्हणाली, “मुलींच्या बाथरूमला आतून कडी.” दोन-तीन मुलं हसली. कडी कुणी सप्रेम भेट देतं का, असं एक जण म्हणाला. तिनं त्याच्याकडे वळून शांतपणे सांगितलं, “तुला सहा वर्षं लागली नाही म्हणून.” त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्या तासाला मी बहुतेक ऐकतच राहिले. आपण काय देऊ, असा प्रश्न होता आणि उत्तरात प्रत्येक जण आपल्याला काय मिळालं नव्हतं ते सांगत होता. पंधराव्या वर्षापर्यंत मुलांना मागे वळून बघायला कुणी सांगितलेलं नसतं. अभ्यास कर, पुढे जा, मोठा हो, सगळं पुढचंच असतं. दहावीच्या शेवटच्या महिन्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं, कशी गेली ही वर्षं? आणि ती आठवायला लागतात तेव्हा उन्हात तापलेली सायकल आठवते, कडी नसलेलं दार आठवतं. ते दार बाहेरून धरून उभी राहणारी मैत्रीणही आठवते.

कडी मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. तिच्यावर कुठलं साल नाही.

आमच्या वर्गाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दसरा-दिवाळीनंतर गावातली बरीच घरं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, असे कोयते गाड्यांत, ट्रॅक्टरांत बसून ऊसतोडीला जातात ते थेट कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलं आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काहींना बरोबर जावं लागतं. विशेषतः लहान भावंड सांभाळायला आणि कोपीवर भाकरी टाकायला मोठी मुलगी हवी असते. पाचवीच्या हजेरीपटावरची नावं आणि दहावीच्या हजेरीपटावरची नावं शेजारी ठेवली, तर मधली गळलेली नावं बहुधा अशीच गळलेली. निरोप समारंभ जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते आणि आईवडील तेव्हा उसाच्या फडात असतात. परीक्षेच्या पहिल्या दिवशी दही-साखर हातावर ठेवते ती आजी.

यंदा वर्गणीही बरीचशी फडातूनच आली. एका बापानं फोनपेवर पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, “पोरीच्या शाळेला.” एवढंच.

वस्तीवरच्या मुलाचं शेडचं म्हणणं जवळजवळ ठरत आलं होतं. पत्र्याचे भाव काढायचं काम दोघांनी अंगावर घेतलं होतं. तेवढ्यात एरवी वर्गात फारसं न बोलणारी एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, नकाशा देऊ. भिंतीवर मोठा.” नकाशे शाळेत आहेत की, गुंडाळी करून ठेवलेले, असं कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, “तसला नाही. कारखान्यांचा.” मग तिनं जे सांगितलं ते मी शक्य तितकं तिच्याच शब्दांत लिहिते. “पाचवीत असताना मम्मी-पप्पा गेले की आजी म्हणायची, कारखान्याला गेलेत. मला वाटायचं, कारखाना हे एकच गाव आहे. सगळ्यांचे मम्मी-पप्पा तिथंच असतील. मग मी एकीला विचारलं, तुझी मम्मी माझ्या मम्मीला भेटती का? तर ती म्हणली, माझी मम्मी कर्नाटकात आहे. मला लई रडू आलं. कुठं आहेत तेच माहीत नव्हतं.”

शेडचे पत्रे मागे पडले. सायकलवाल्या मुलानंच सगळ्यात आधी हात वर केला.

मग पंधरा दिवस व्हरांड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी गर्दी. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेली मुलं पुढे झाली. पुस्तकातल्या लहान नकाशावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर खडूनं मोठ्या आखल्या आणि एकेका चौकटीतली रेघ उतरवत महाराष्ट्र मोठा होत गेला. कर्नाटकाचा वरचा पट्टाही घेतला, कारण निम्म्यांचे आईवडील तिकडे. मग ठिपके. ज्यानं त्यानं आपापल्या घरी फोन लावून विचारलं, तुम्ही नक्की कुठं आहात? माळशिरस, कराड, वाळवा, शिरोळ, बारामतीच्या बाजूला एक, चिकोडीला दोन, अथणीला, मुधोळला. फोनवरच्या आयांना आधी कळेचना, पोरं हे कशाला विचारतायत.

नद्या मात्र सगळ्यात शेवटी रंगवल्या. भीमा, नीरा, कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा. निळा रंग वाळत होता आणि मुलं मागे सरकून बघत होती. बहुतेक ठिपके नदीकाठानंच गेले होते. आपल्या तालुक्याच्या बाजूला भिंत नुसती पिवळी. भूगोलाच्या सरांनी पर्जन्यछायेचा प्रदेश नववीतही शिकवला होता, दहावीतही शिकवला होता. सह्याद्री ओलांडून येता येता ढग रिकामे होतात, हे सगळ्यांना पाठ होतं. पण माझी आई दर वर्षी गाडीत का बसते, याचं उत्तर त्याच धड्यात होतं, हे त्या दिवशी भिंतीनं दाखवलं. कुणी काही बोललं नाही. एका मुलानं फक्त भीमेवरून बोट फिरवलं आणि अजून ओली आहे म्हणून ओरडा खाल्ला.

भूगोल म्हटलं की मला २०२०ची दहावी आठवते. सगळे पेपर झाले होते, फक्त भूगोलाचा चाळीस गुणांचा पेपर उरला होता. तो २३ मार्चला व्हायचा होता. करोनामुळे आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीनं त्याचे गुण मिळाले. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकवतात. त्या मुलांनी ॲमेझॉनचं खोरं, तिथली वर्षावनं, साओ पावलोची कॉफी हे सगळं पाठ केलं होतं आणि ते कुठे लिहायचं राहूनच गेलं. त्यातली एक मुलगी आता नगरला नर्सिंग करते. मध्यंतरी भेटली तेव्हा हसून म्हणाली, “मॅडम, अजून ब्राझील तसाच पाठ आहे.”

पुढच्या, २०२१च्या वर्गाला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता, तरी शाळेच्या दारात पेढे घेऊन कुणी आलं नाही. मास्क लावलेली मुलं वेळ ठरवून एकेक येत होती, सही करून गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला नेत होती. निरोप समारंभ नाही, वर्गाचा फोटो नाही आणि भेटवस्तू तर नाहीच. व्हरांड्यातली सालं वाचताना तिथे एक अंक गाळल्याचं मला दर वेळी जाणवायचं. मग एका दिवाळीत त्यातली बरीच मुलं-मुली मिळून आली. कुणी पुण्याकडे चाकणच्या कंपनीत लागलेला, कुणी भरतीची तयारी करणारा, एकीच्या कडेवर बाळ. वस्तू काहीच आणली नव्हती. त्यांना फोटो काढायचा होता. शाळेच्या पायऱ्यांवर उंचीप्रमाणे उभे राहिले. बाळाला पहिल्या रांगेत बसवलं. ती तसबीर आता कार्यालयात आहे. खाली ‘इ. १० वी, सन २०२०-२१’ एवढंच लिहिलंय.

मराठीची शिक्षिका म्हणून मला दर वर्षी या विषयावरचे निबंध तपासावे लागतात. ‘शाळेचा निरोप घेताना’, ‘माझी शाळा’, नाहीतर ‘मी शाळेची घंटा बोलतेय’. मुलं ते आठवीपासून लिहीत असतात. मार्गदर्शकातली वाक्यं घेऊन निरोपाचे अश्रू, ज्ञानमंदिर, संस्कारांची शिदोरी असं सगळं त्यांनी अनुभवायच्या आधीच लिहून झालेलं असतं. म्हणून निरोप समारंभाला कागद हातात धरून पहिला मुलगा उभा राहतो, तेव्हा सुरुवातीला तीच वाक्यं येतात. मी वाट बघत राहते. कारण कागद कधीतरी संपतो.

यंदा एकाचा कागद संपल्यावर तो खिचडीवर बोलला. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. नववीत गेलं की घरचा डबा आणायचा आणि हंगामात घरी डबा करायला आई नसते. तो म्हणाला, “नववीत पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत वास आला आणि मी सवयीनं ताट घेऊन रांगेत उभा राहिलो. मावशींनी काही विचारलं नाही. वाढलं.” मावशी मागे गुलाबजामच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. सगळा वर्ग मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागला, तशा त्या आत निघून गेल्या. एक मुलगी सलवार-कमीजच्या पहिल्या दिवसाबद्दल बोलली, ओढणीला पिन लावता येत नव्हती आणि बाईंनी लावून दिली. एकीनं एसटीच्या पासाचे आभार मानले. पास नसता तर सातवीतच शाळा सुटली असती, असं ती सरळ म्हणाली. जिनं कडी मागितली होती तिनं मैत्रिणीचं नाव घेतलं. ती मैत्रीण नववीत लग्न होऊन गेली. समारंभात एवढंच एक नाव असं होतं, ज्याला कुणी “हजर” म्हणालं नाही.

आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचे मेळावेही होतात. पंचवीस वर्षांनी वर्ग जमतो. फेटे बांधले जातात, घंटा वाजवून परिपाठ घेतात, जुन्या शिक्षकांना शाल-श्रीफळ देतात, कुणीतरी हजेरी घेतं. छडीच्या आठवणी ते फार प्रेमानं सांगतात. त्यांचं प्रेम खरं असतं, डोळ्यांतलं पाणीही खरं असतं. त्यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून दोन वर्गखोल्या उभ्या राहिल्यात, त्या मी रोज वापरते. पण इतक्या वर्षांनी मागे बघताना कडी आठवत नाही. उन्हात तापलेली सायकल आठवली तरी ती गोड होऊन येते. पंधराव्या वर्षी ती अजून तापलेलीच असते. त्या वयात मागे बघणाऱ्याला जे खुपलेलं असतं ते तसंच हातात असतं आणि ते मागून येणाऱ्याला खुपू नये, एवढं त्याला वाटतं. मला शाळेच्या वस्तूंमध्ये हे वाटणं दिसतं. घड्याळ दिलेल्या वर्गाला सहामाहीत वेळ कळत नव्हती. टाकी दिलेल्या वर्गानं मधल्या सुट्टीत हापश्यावर रांग लावली होती.

नकाशाचं अनावरण वगैरे केलं नाही. निरोप समारंभाच्या दिवशी पाचवीच्या वर्गाला तिथे आणून उभं केलं आणि दहावीच्या मुलांनी त्यांना ठिपके दाखवले. “तुझे कुठं आहेत? शिरोळ? हे बघ.” लहान मुलं टाचा उंचावून हात लावत होती. एकजण दोन्ही हातांच्या वितींनी अंतर मोजत होता आणि प्रत्येक वेळी वेगळं मोजत होता. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “यात आपलं गाव कुठंय?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गाव टाकायचं राहिलं होतं. इतके दिवस भिंतीपाशी उभं राहून ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दहावीतला एक जण म्हणाला, “ते कशाला? आपण इथंच तर आहोत.” पाचवीच्या मुलांना ते पटलं. त्यांना कारखाने हवे होते, गाव तर पायाखालीच होतं. पण नकाशाची कल्पना जिची होती, ती मुलगी ऐकेना. जूनमध्ये ती अकरावीला नगरला जाणार आहे, मामाकडे राहून. तिनं रंगाचा डबा शोधून आणला, तांबडा होता. तालुका सापडेपर्यंत सगळ्यांनी तिला दिशा सांगितल्या, वर, अजून थोडं वर, डावीकडे. ठिपका पुण्यापेक्षा मोठा झाला. भूगोलाचे सर म्हणाले, प्रमाण चुकलं. तिनं विचारलं, “सर, मग किती मोठा काढायचा?”

सरांनी पुसायला घेतलेला बोळा खाली ठेवला. प्रश्न अजून तसाच आहे. नगरच्या वर्गात, चाकणच्या खोलीत, भरतीच्या मैदानावर, कधीतरी कोयता हातात घ्यावा लागला तर उसाच्या फडातही, ही मुलं त्याचं उत्तर वेगवेगळं काढतील. कुणाच्या उत्तरात गाव लहान होत जाईल, कुणाच्या उत्तरात आणखी मोठं. पुढच्या दहावीतल्या मुलांनी आत्ताच मला विचारून ठेवलंय, खालच्या कोऱ्या भिंतीवर ते काही काढू शकतात का. काय काढणार, ते त्यांनाही अजून माहीत नाही.